शंका-समाधान : संबळ, तुणतुणे आणि तीनशे ओहम

प्रश्न : मुरुमला माझे दुकान आहे. रात्री दुकान बंद करून जेवण उरकले की दहानंतरचा तास-दीड तास माझा. मुले आतल्या खोलीत झोपलेली असतात, म्हणून स्पीकर लावता येत नाही. आवड ख्यालगायनाची आणि देवीच्या गोंधळाची. हेडफोन आणि ॲम्प्लिफायर मिळून वीस हजारांची तयारी आहे. पुण्यातला मित्र म्हणतो, ३०० ओहमचाच हेडफोन घे, जितके ओहम जास्त तितका माल भारी. आणि निम्मे पैसे ॲम्प्लिफायरला ठेव. ऐकू का त्याचे? — एक वाचक, मुरुम (ता. उमरगा)

उत्तर : मित्राची कळकळ खरी आहे, पण हिशेब चुकला आहे. ओहम म्हणजे दर्जा नव्हे. हेडफोनच्या आत तारेचे एक बारीक वेटोळे असते. तार पातळ आणि वेढे जास्त असले की ओहम वाढतात, आणि मग तेवढ्याच आवाजासाठी व्होल्टेज जास्त लागते. १९६८ साली सेनहायजरने उघड्या पाठीचा पहिला हेडफोन, एचडी ४१४, बाजारात आणला. तो चक्क २,००० ओहमचा होता. त्या काळच्या यंत्रांना तसा भार सोयीचा होता, म्हणून. आज आपल्या खिशातल्या मोबाइलला तो सोयीचा नाही.

ओहमच्या जोडीने खोक्यावर दुसरा आकडा असतो, संवेदनशीलतेचा. ठरावीक वीज दिली की किती डेसिबल आवाज निघेल, ते तो सांगतो. हे दोन आकडे एकत्र वाचल्याशिवाय ॲम्प्लिफायर विकत घेऊ नका. आपण तीन नमुने घेऊन गणित करू. सम गाठताना तबल्यावर पडणाऱ्या कडक थापेसाठी क्षणभर ११० डेसिबलपर्यंत जाण्याची सोय असावी असे धरतो. एवढ्या आवाजात ऐकत बसायचे नाही, फक्त तेवढी जागा शिल्लक हवी.

सेनहायजर एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे आणि १ व्होल्टला सुमारे ९७ डेसिबल देतो. ११० गाठायला त्याला साडेचार व्होल्ट लागतात. मोबाइलला लावायच्या चांगल्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. म्हणजे याला ॲम्प्लिफायर हवाच. नाहीतर तान कशीबशी ऐकू येईल, पण विलंबित आलाप मुळातच हळू ध्वनिमुद्रित झालेला असतो, तो पार दूर जाईल.

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, १ मिलीवॅटला ९९ डेसिबल. त्याचे काम पाऊण व्होल्टच्या आत होते. साधा डोंगल पुरे.

हायफायमॅनचा एचई४००एसई मात्र फसवा आहे. ओहम ३२ च्या आसपास, म्हणजे वाटते की मोबाइलवर सहज चालेल. पण १ मिलीवॅटला तो ९१ डेसिबलच देतो. त्याला दीड व्होल्टहून जास्त आणि वर ५० मिलीॲम्पिअर करंट लागतो. कमी ओहमचा हेडफोनही ॲम्प्लिफायर मागू शकतो, ते असे.

आता तुमच्यापुरते. मी सेनहायजर एचडी ५६०एस सुचवतो. १२० ओहम, पण १ व्होल्टला ११० डेसिबल. म्हणजे आपण धरलेली सगळी जागा एका डोंगलवर मिळते. किमती सणासुदीला खालीवर होतात, पण तो तुमच्या रकमेत बसावा. ॲम्प्लिफायर आज घेऊच नका. सहा महिने ऐका. आवाजाची पट्टी रोज शेवटाला टेकते आहे आणि तरी आलाप हळू वाटतो, असे झाले तरच पुढचा खर्च करा. ॲम्प्लिफायरचे काम न कण्हता आवाज वाढवणे एवढेच आहे. हेडफोनचा मूळ स्वभाव तो बदलत नाही. ॲपलचा डोंगल स्वस्त आणि उत्तम आहे, पण बऱ्याच ॲन्ड्रॉइड फोनवर त्याचा आवाज अर्धवटच चढतो. तुमचा फोन ॲन्ड्रॉइड असेल तर दुसऱ्या कंपनीचा घ्या.

एचडी ५६०एस उघड्या पाठीचा आहे, म्हणजे थोडा आवाज बाहेर झिरपतो. मुले आतल्या खोलीत आहेत, त्यांची झोप मोडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत कूलरची घरघर मात्र कानात येईल. मी तरी ती सोसेन. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये आपल्याकडच्या उन्हाळ्यात कान घामेजतात आणि रेक्झिनच्या गाद्या दोन-तीन वर्षांत पोपडे धरतात. मखमली गादी बरी. सुट्या गाद्या आणि सुटी केबल मिळते का, हे विकत घेण्याआधी विचारा. केबल तुटली म्हणून उमरग्याहून सोलापूरला आणि तिथून पुण्याला चकरा मारायची वेळ येऊ नये.

खरेदीपूर्वी ऐकायला मिळाले तर दुकानातली चकचकीत गाणी बाजूला ठेवा, स्वतःची न्या. तुमच्याजवळ तर उत्तम कसोटी आहे. तुळजापूरचे गोंधळी आपल्याच जिल्ह्यातले. संबळ तुम्ही समोर बसून ऐकला असेल. त्याच्या दोन भांड्यांतला फरक, एक खणखणीत आणि एक भरदार, हेडफोनमध्ये तसाच वेगळा राहतो का ते पाहा. दोन्ही एकाच डब्यात वाजल्यासारखी वाटली तर तो हेडफोन ठेवून द्या. तुणतुण्याची तार आणि झांज कानाला टोचत असेल, गायकाचा ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखा येत असेल, तर वरचे स्वर फुगवलेले आहेत. पाच मिनिटांत हे ‘स्पष्ट’ वाटते आणि अर्ध्या तासाने डोके दुखते.

मग तानपुरा. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा, खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३. पण तानपुऱ्यात या मूळ स्वराचा जोर थोडा असतो. जवारीतून उठणारे वरचे स्वयंभू स्वरच भरपूर असतात आणि आपला कान त्यांच्यावरून खर्ज ओळखतो. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढताना, तारेखाली दोरा सरकवताना, कानाने हेच शोधत असतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला फार बरे वाटले. चांगल्या हेडफोनमध्ये जवारी उलगडत जाते आणि गायकाच्या मागे थांबते. वाईट हेडफोनमध्ये तिची नुसती भुणभुण होते, किंवा फुगवलेल्या खर्जाखाली ती बुडून जाते.

दोन हेडफोन ताडून पाहताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला सरस वाटतो, आणि विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या कितीही महागड्या हेडफोनवर ऐकल्या तरी तबकडीत जे उतरलेच नाही ते निघणार नाही. शिवाय ते मुद्रण एकाच वाहिनीचे, म्हणून आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी येतो. हेडफोन बिघडलेला नसतो. खरखर जाणवली तर आवाज थोडा कमी करा. दोन-तीन मिनिटांत कान तिला बाजूला सारतो आणि सूर उरतो.

प्रश्न : घरी जुना मोठा स्टिरिओ ॲम्प्लिफायर पडून आहे. त्याच्या हेडफोनच्या भोकात नवा ३२ ओहमचा हेडफोन लावला तर डग्गा नुसता घुमतो. हेडफोन परत करू का? — उमरगा

उत्तर : घाई नको. अशा बऱ्याच जुन्या यंत्रांत हेडफोनचे भोक स्पीकरच्याच वाटेवर असते आणि मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त ओहमचा रोधक बसवलेला असतो. हेडफोनचा विरोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. अनेक हेडफोनांत तो खालच्या स्वरांपाशी चढतो. मागे मोठा रोधक असला की नेमके तेच स्वर जास्त वाजतात. यंत्राचा आतला विरोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, हा धरून चालायचा नियम. तुमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आतला हवा. तोच हेडफोन मोबाइलवर ऐका. डग्गा ताळ्यावर आला तर दोष यंत्राचा. आणि हो, ३०० ओहमचा हेडफोन अशा जुन्या यंत्रावर पुष्कळ बरा वाजतो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण करतो. कुठला घ्यावा? — आळंद रस्त्यावरील एक गाव

उत्तर : बंद पाठीचाच. उघड्या पाठीच्या हेडफोनमधला आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स किंवा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. मुद्रणाच्या यंत्रातलाच हेडफोन-जॅक दोघांनाही चालतो. वेगळा ॲम्प्लिफायर घेऊ नका. त्या पैशांत पखवाजासाठी आणखी एक माइक येईल.

प्रश्न : लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून सतत ‘हूंऽऽ’ येते. दुरुस्तीला द्यावा का? — नळदुर्ग

उत्तर : आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. हूं थांबली तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. चार्जरमधून किंचित वीज यंत्राच्या अंगावर येते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर कानात. मी स्वतः याच त्रासापायी एक ॲम्प्लिफायर बदलला होता आणि नव्यातही तोच आवाज आला. शेवटी भिंतीतला प्लग उघडला, तर तिसरे भोक होते पण त्याला तारच जोडलेली नव्हती. जुन्या घरांत हे फार आढळते. वायरमनकडून तपासून घ्या. तार असेल तर अर्थिंगचा खड्डा पाहा. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो आणि निकामी होतो. आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. हे गाण्यासाठीच नव्हे, घरातल्या माणसांच्या जिवासाठीही करायचे आहे.

फक्त लोडशेडिंगच्या वेळीच घरघर येत असेल तर ती इन्व्हर्टरची. स्क्वेअर-वेव्ह प्रकारचा इन्व्हर्टर ॲडॉप्टरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला त्रास देतो. तेवढा वेळ बॅटरीवर चालणारा डोंगल वापरा.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. अभ्यास करताना चार-चार तास हेडफोन लावते. किती आवाज चालेल? — एक आई, मुरुम

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलने. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे, आणि चार तास रोज म्हणजे आठवड्याचे २८ होतात. मी तिच्यासाठी ७५ च धरेन. बऱ्याच मोबाइलमध्ये हेडफोनचा आवाज एका पातळीवर रोखण्याची सोय असते. ती तिच्यासमोर, तिला सांगून लावा. घरात पंखा-टीव्हीचा गलका असला की मुले आवाज चढवतात, तेव्हा तिला बंद पाठीचा किंवा कानात नीट बसणारा घेऊन द्या, म्हणजे कमी आवाजात भागेल. आणि हेडफोन काढल्यावर कानात गुंई वाजते का, हे तिला आजच विचारा. वाजत असेल तर हेडफोन बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.