विमानतळावरील पांखरांची राखण

चांद्याच्या शिवारांत भात दाण्यावर आलें म्हणजे पांखरांची राखण कशी करावी लागते, हें मुळशी तालुक्यांतील विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको. बांधावर बुजगावणें उभें राहतें, गोफण फिरूं लागते, आणि लहान मुलें पत्र्याचा डबा बडवीत हिंडतात. बुजगावण्यास पांखरें पहिले दोन दिवस भितात. मग हा मनुष्य हलत नाहीं व बोलत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत येतें, आणि एखादा कावळा खुशाल त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. हाच प्रश्न आज जगांतील विमानतळांपुढें उभा आहे. भेद इतकाच कीं, शेतांत राखण चुकली तर पायली-दोन पायली धान्य जातें. विमानतळावर ती चुकली तर माणसांचे प्राण जाऊं शकतात. त्या राखणीचीं साधनें कोणतीं, तीं कशीं निवडावीं व कशीं वापरावीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एवढेसें पांखरूं एवढ्या मोठ्या विमानास काय करणार, अशी शंका प्रथम येते. तिचें उत्तर पदार्थविज्ञानांत आहे. गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणांत वाढते खरी, पण वेगाच्या बाबतींत ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला कीं ऊर्जा चौपट होते. सेकंदास ७० मीटर, म्हणजे ताशीं सुमारें २५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या विमानाची एक किलोग्रॅम वजनाच्या पक्ष्याशीं गांठ पडली, तर ही ऊर्जा २,४५० जूल भरते. तितक्याच वजनाचा दगड २५० मीटर उंचीवरून पडावा, तसा हा आघात होय. पक्षी इंजिनांत ओढला गेला तर आंतील पातीं मोडतात. बहुतेक धडका विमान उडतांना किंवा उतरतांना, जमिनीजवळच होतात. तेव्हां वैमानिकास सावरण्यास फारसा अवकाश नसतो.

हा धोका विमानाइतकाच जुना आहे. ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाची १९०५ सालींच एका पक्ष्याशीं टक्कर झाली होती. ३ एप्रिल १९१२ रोजीं कॅलिफोर्नियांत काल्ब्रेथ रॉजर्स यांचें विमान समुद्रपक्ष्याच्या धडकेनें कोसळलें व ते प्राणांस मुकले. ४ ऑक्टोबर १९६० रोजीं बोस्टन येथें साळुंकीच्या कुळांतील लहान पक्ष्यांचा थवा इंजिनांत शिरला आणि ७२ पैकीं ६२ जण मृत्युमुखीं पडले. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्क येथें रानहंसांमुळें विमानाचीं दोन्ही इंजिनें निकामी झालीं. वैमानिकानें विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरविलें, म्हणून १५५ जण वांचले. आपल्या देशांतही १९ जून २०२२ रोजीं पाटण्याहून निघालेल्या विमानाच्या इंजिनास पक्षी लागल्यामुळें त्यास लगेच परतावें लागलें. २० मे २०२४ रोजीं मुंबईस उतरणारें विमान घाटकोपरजवळ रोहित पक्ष्यांच्या थव्यावर आदळलें. विमान सुखरूप उतरलें, पण सुमारें ४० रोहित मेले.

आतां साधनांकडे वळूं. त्यांचे चार वर्ग करतां येतील.

पहिला वर्ग आवाजाच्या साधनांचा. वायूची तोफ ठराविक वेळानें वायूचा स्फोट करून मोठा बार काढते. तींतून गोळा सुटत नाहीं. ती एकाच जागीं, घड्याळाच्या ठोक्याप्रमाणें वाजत राहिली, तर थोड्याच दिवसांत पक्षी तिला जुमानीत नाहींत. म्हणून तिची जागा व वेळ वारंवार बदलावी. पिस्तुलांतून उडविण्याचे फटाके अधिक उपयोगी. कारण ते थवा पाहून, त्याच्या रोखानें माणूस उडवितो. तिसरें साधन ध्वनिक्षेपकाचें. संकटांत सांपडलेल्या पक्ष्याची हांक मुद्रित करून ती त्याच्या जातभाईंस ऐकवितात. परंतु टिटवीच्या हांकेची घारीस काय मातब्बरी? ज्या जातीस हांकलावयाचें, तिचीच हांक पाहिजे. मनुष्यास ऐकूं न येणाऱ्या अतिउच्च स्वराचीं यंत्रेंही विकलीं जातात. पण ते स्वर पक्ष्यांसही ऐकूं येत नाहींत, तेव्हां अशा यंत्रावर पैसा खर्चणें व्यर्थ होय.

दुसरा वर्ग दृष्टीस पडणाऱ्या साधनांचा. चकचकीत फिती, ससाण्याच्या आकाराचे पतंग व बुजगावणीं हीं स्वस्त खरीं, पण त्यांचा धाक लवकर ओसरतो. लेसरचा हिरवा किरण पहांटे व संध्याकाळीं अंधुक प्रकाशांत चांगलें काम करतो. भर उन्हांत तो निष्प्रभ ठरतो. तो वैमानिकाच्या डोळ्यांवर पडल्यास उपायच अपाय होईल. म्हणून त्याचा रोख जमिनीलगतच ठेवावा.

तिसरा वर्ग जिवंत शत्रूंचा. शिकविलेले ससाणे व कुत्रे कांहीं देशांत वापरतात. हें भय खरें असल्यामुळें पक्षी त्यास सहसा सरावत नाहींत. मात्र ससाणा पाळणारा जाणता मनुष्य लागतो, खर्च येतो, आणि ससाणाही अखेर धावपट्टीवर उडणारा एक पक्षीच आहे.

चौथा वर्ग शोध घेणाऱ्या साधनांचा. रडार पक्ष्यांस भिववीत नाहीं. थवा कोठें व किती उंचीवर आहे, एवढेंच तें सांगतें. पण राखणदारास तें कळणें हेंच मोठें साहाय्य होय.

साधन विकत घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: पक्षी कोणता, तो कोणत्या वेळीं येतो, आणि कशासाठीं येतो? यांचीं उत्तरें मिळविण्यास महाग यंत्र लागत नाहीं. दुर्बीण, नोंदवही आणि रोज नियमानें फिरणारा मनुष्य लागतो. तारीख, वेळ, जात, संख्या, योजलेला उपाय व त्याचें फळ अशी नोंद वर्षभर ठेविली, म्हणजे कोणतें साधन कोठें चालतें हें आपोआप उघड होतें. वापरतांना एक नियम कधींही मोडूं नये: विमान येत असतां थवा उठवूं नये. भ्यालेला थवा धावपट्टीवर आला, तर राखणदारानेंच अपघात ओढवून घेतला असें होईल. म्हणून नियंत्रण-मनोऱ्यास विचारून, धावपट्टीपासून दूर जाईल अशा बेतानें त्यास हांकलावें.

तथापि सर्वांत श्रेष्ठ उपाय यंत्रांत नाहीं. पक्षी येतो तो अन्नासाठीं. पावसानंतर गवतांत किडे व गांडुळें माजतात, आणि त्यांवर टिटव्या, बगळे व साळुंक्या उतरतात. ब्रिटनमध्यें विमानतळांवर गवत १५ ते २० सेंटिमीटर उंच ठेवण्याची रीत आहे. उंच गवतांत पक्ष्यास भक्ष्य व शत्रु दोन्ही नीट दिसत नाहींत. हें माप आपल्या पावसाळ्यास जसेंच्या तसें लागूं पडेलच असें नाहीं. येथेंही नोंदवहीसच विचारावें. घार मात्र येते ती कचरा व मांसाच्या टाकाऊ भागांकडे. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९८० च्या दशकांत सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखालीं भारतीय विमानतळांवरील पक्ष्यांचा अभ्यास केला. त्यांत घारी व गिधाडें यांचा प्रश्न ठळकपणें पुढें आला. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमानें विमानतळाच्या मध्यापासून १० किलोमीटरांच्या आंत उघड्यावर जनावरें मारणें व कचरा टाकणें यांस मनाई केली, ती याच कारणास्तव.

आपल्या पुण्याचा लोहगांवचा विमानतळ १९३९ सालचा. तेथून वायुसेनेचीं व प्रवासी विमानें दोन्ही उडतात, आणि त्याच्या भोंवतालीं आतां दाट वस्ती आहे. कुंपणाच्या आंत राखणदार कितीही दक्ष असला, तरी कुंपणाबाहेर उघड्यावर पडलेल्या घाणीवर त्याचा इलाज चालत नाहीं. घारीस भिंतीची अडचण नसते. ती मारूनही प्रश्न सुटत नाहीं. अन्न तेथेंच राहिलें तर तिच्या जागीं दुसरी येते. पक्ष्याकडे यांत दोष नाहीं. चिमणीचीही काळजी वाहणाऱ्या ईश्वरानें त्यास आकाश दिलें, तें आपल्या कितीतरी आधीं. दोष असेल तर तो अन्न उघड्यावर फेंकणाऱ्या हाताचा. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें वैमानिक होईल, कोणी यंत्रज्ञ होईल. पण कचरा झांकून ठेवणें व तो योग्य जागींच टाकणें हें आज तुम्हां सर्वांच्या हातांत आहे, आणि आकाशांतील एखाद्या अनोळखी प्रवाशाचे प्राण त्यावर अवलंबून असूं शकतात.