मांजराचे जुने पोटाचे दुखणे : पथ्य कसे निवडावे?

"आमच्या मांजराला वरचेवर जुलाब होतात, खाल्लेले उलटून पडते. त्याला खायला काय द्यावे?" पिंपळगावात आणि आसपासच्या खेड्यांत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. गाय-म्हैस आजारी पडली की दुधाचा हिशेब लगेच बिघडतो, त्यामुळे त्याच दिवशी बोलावणे येते. मांजराच्या बाबतीत मात्र सहा-सहा महिने निघून जातात. 'गवत खाईल आणि आपोआप बरे होईल' अशी समजूत असते. तोवर पाठीचा कणा हाताला लागू लागतो. मांजराच्या जुन्या पोटाच्या विकारात आहार हेच पुष्कळदा मुख्य औषध ठरते, परंतु तो आहार पद्धतशीर निवडावा लागतो. ती पद्धत आज पाहू.

जुने दुखणे कशाला म्हणावे?

महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी केसांचा गोळा उलटून टाकणे हा आजार नव्हे. परंतु तीन आठवड्यांहून अधिक काळ शौचास पातळ होणे, दर आठवड्याला उलटी होणे, भूक असूनही वजन घटणे किंवा वरचेवर शौचास कुंथावे लागणे, यांपैकी काहीही असेल तर ते जुने दुखणे समजावे. दर आठवड्याला मांजराला टोपलीत घालून भाजी तोलण्याच्या काट्यावर तोलावे आणि आकडा लिहून ठेवावा. चार किलोच्या मांजराचे पाव किलो वजन घटले तरी डोळ्यांना दिसत नाही, काट्याला मात्र दिसते.

मांजराचे पोट वेगळे

आपण काहीही खाऊन जगू शकतो, कुत्राही बऱ्याच अंशी जगतो. मांजर जगू शकत नाही. त्याचे शरीर केवळ मांसावर चालण्यासाठी घडलेले आहे. गाजर, भोपळ्यातील पिवळ्या रंगद्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. मांजराला ते जमत नाही, ते तयार स्वरूपात मांसातूनच मिळावे लागते. 'टॉरिन' नावाचे एक द्रव्यही त्याला पुरेसे तयार करता येत नाही. १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की टॉरिन न मिळालेल्या मांजरांचा डोळ्यांचा पडदा खराब होऊन ती आंधळी होतात. १९८७ साली हृदयाच्या एका जीवघेण्या विकाराचे कारणही हेच असल्याचे सिद्ध झाले. धान्यात आणि भाज्यांत टॉरिन जवळजवळ नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. तहान लागल्याची त्याची जाणीव मंद असते. उंदीर खाल्ला की त्यातच सुमारे सत्तर टक्के पाणी मिळते. कोरड्या दाण्यांच्या खाद्यात ते दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून पोटाचा त्रास असलेल्या मांजराला ओला आहार अधिक मानवतो.

आपले उपाय त्याला का लागू पडत नाहीत?

पोट बिघडले की आपण लंघन करतो, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक घेतो. प्रेमापोटी हेच मांजरालाही दिले जाते. येथेच घोटाळा होतो.

लंघन : मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर अंगातील चरबी यकृतात साठू लागते आणि कावीळ होऊन मांजर दगावू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका सर्वांत अधिक असतो.

दूध : मांजर आणि दुधाची वाटी यांची जोडी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. प्रत्यक्षात पिल्लू आईचे पिणे सुटले की दुधातील साखर पचविण्याची त्याची शक्ती कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. दूधपोळी खाणाऱ्या मांजराची हगवण केवळ दूध बंद केल्याने थांबल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत.

रश्शातले मांस : आपल्या गावाला हे मुद्दाम सांगायला हवे, कारण येथे कांद्याला काय तोटा! कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागे पाच ग्रॅम कांदाही अपाय करू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, एका लहान कांद्याहूनही कमी. शिजवल्याने तो निर्धोक होत नाही. तयार सूपच्या पाकिटांतही कांद्याची पूड असते.

माणसाच्या गोळ्या : जुलाबाची उरलेली गोळी मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉल तर त्याला विषासमान आहे, अर्धी गोळीही प्राण घेऊ शकते.

आधी तपासणी, मग पथ्य

आहार बदलण्यापूर्वी दुसरी कारणे दूर केली पाहिजेत. जंत आणि 'जिआर्डिया'सारखे सूक्ष्म परजीवी हे आपल्याकडचे नेहमीचे कारण. ते प्रत्येक वेळी विष्ठेत सापडतातच असे नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासणे चांगले. दहा वर्षांवरील मांजरात मूत्रपिंड आणि थायरॉइडची रक्ततपासणी करावी. थायरॉइड वाढलेले मांजर भरपूर खाते आणि तरीही वाळत जाते, त्याला पथ्याने गुण येत नाही.

ब-१२ जीवनसत्त्वाचीही चौकशी करावी. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजला की ते शोषले जात नाही. मग कितीही चांगला आहार दिला तरी मांजर भरत नाही, इंजेक्शने द्यावी लागतात.

एक मांस, तीन आठवडे

तपासणीत काही सापडले नाही, की आहाराची परीक्षा सुरू करावी. बऱ्याच मांजरांना एखाद्या ठराविक मांसाचे वावडे असते. मासे, कोंबडी आणि मोठ्या जनावराचे मांस ही त्यांतली नेहमीची. दोष मांसाचा नसतो, वर्षानुवर्षे तेच खाऊन शरीर त्याच्याविरुद्ध उठलेले असते.

म्हणून मांजराने आजवर काय काय खाल्ले त्याची यादी करावी आणि त्यात नसलेले एक मांस निवडावे. आजवर कोंबडी आणि सुकटच खाल्ली असेल, तर बोकडाचे मटण घ्यावे. चरबी व हाडे काढून, मीठ, हळद, तेल काही न घालता, नुसत्या पाण्यात शिजवावे. शिजवलेले पाणी फेकू नये. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून तेच पाणी वर ओतून द्यावे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. म्हणजे शिजवलेले बिनहाडाचे मांस अंदाजे १३० ते १५० ग्रॅम. ते चार-पाच वेळा थोडे थोडे विभागून द्यावे.

नवा आहार एकदम सुरू करू नये. पहिले दोन दिवस पाव भाग नवा आणि पाऊण जुना, पुढे निम्मा-निम्मा, असे करीत आठवडाभरात पूर्ण बदल करावा. त्यानंतर तीन आठवडे मोजावेत. या काळात दुसरे काहीही पोटात जाता कामा नये.

घरी शिजविणे शक्य नसेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मिळणारे खास खाद्य वापरता येते. त्यातील प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ती ओळखत नाही. दुकानातील साधे खाद्य घेताना मात्र पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. समोर माशाचे चित्र असते आणि आत कोंबडीही असते.

पथ्य कोठे मोडते?

गेल्या वर्षी गावातील एका घरी चार वर्षांचा बोका पाच महिने हगवणीने त्रस्त होता. वजन साडेतीन किलोवरून पावणेतीनवर आलेले. सर्व तपासण्या निर्दोष. मटणाचे पथ्य सुरू केले, दोन आठवडे झाले तरी फरक नाही. घरचे म्हणू लागले, आता आशा सोडावी. मी घरातील प्रत्येकाला स्वतंत्र विचारले. आजी रात्री निजताना वाटीत थोडे दूध ठेवीत. "घोटभर दुधाने काय होते?" असे त्यांचे म्हणणे. धाकटा नातू अर्धे बिस्किट देई. शेजारच्या वहिनी भिंतीवरून सुकट टाकीत. कोणाच्याच मते आपण मांजराला 'खायला घालीत' नव्हतो! तिन्ही बंद केल्यावर बाराव्या दिवशी त्याला बांधीव शौच झाले. दोन महिन्यांत वजन पुन्हा सव्वातीन किलो भरले.

तात्पर्य, पथ्य मांजराला नव्हे, घराला पाळावे लागते. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे. तीन आठवडे मांजर घरात राहील अशी व्यवस्था करावी. ते बाहेर उंदीर, पाल, उकिरडा काहीही खाते. शिवाय द्राक्षबागेत फवारणी झाल्यावर तेथून फिरून आलेले मांजर पंजे चाटते आणि औषधाचा अंश पोटात जातो.

भिंतीवरील कॅलेंडरवर रोज दोन नोंदी कराव्यात, शौच कसे झाले आणि उलटी झाली का. औषधाच्या कपाटापेक्षा हे कॅलेंडर मला अधिक उपयोगी पडते.

तीन आठवड्यांनंतर

गुण आला तर निदान जवळजवळ झाले. खात्रीसाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जुना पदार्थ थोडा देऊन पाहता येतो. काही दिवसांत त्रास परतला तर तो पदार्थ कायमचा वर्ज्य.

येथे एक सावधगिरी हवी. नुसते मांस हा जन्मभराचा आहार नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि चुना अगदी थोडा असतो. उंदीर खाताना मांजर त्याची हाडेही खाते, त्यातून ही भरपाई होते. महिनोन्महिने निव्वळ मांसावर ठेवलेल्या मांजराची, विशेषतः पिल्लांची, हाडे ठिसूळ होतात. पिल्लांवर असा प्रयोग घरच्या घरी करूच नये. 'मग कलेजी देऊ' हाही उपाय नाही. रोज कलेजी दिल्यास अ जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडे जखडतात. म्हणून गुण आल्यावर त्याच मांसाचे परिपूर्ण तयार खाद्य शोधावे किंवा घरच्या आहारात चुना, टॉरिन व जीवनसत्त्वे किती घालायची ते पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे.

गुण आला नाही तर दुसरे नवे मांस किंवा खास खाद्य एकदा आजमावावे. तरीही फरक नसेल तर आतड्याची सूज किंवा गाठ असू शकते. त्यासाठी सोनोग्राफी व पुढील तपासण्या लागतात. वाढत्या वयाच्या मांजरात यास विलंब करू नये.

कुंथणाऱ्या मांजराचे पथ्य

बद्धकोष्ठाचे पथ्य निराळे. येथे पाणी मुख्य. ओला आहार द्यावा आणि घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी ठेवावे. उकडून कुस्करलेला लाल भोपळा एक-दोन चमचे खाण्यात मिसळता येतो. पाव चमचा इसबगोलही चालतो, पण तो भरपूर पाण्यात भिजवून. कोरडा दिल्यास त्रास वाढतो. बोका कुंथत असेल तर लघवी होते आहे ना, हे आधी पाहावे. लघवी अडली असेल तर ती त्याच दिवसाची निकड आहे.

माळकरी घरांसाठी

आपल्या तालुक्यात माळकरी घरे पुष्कळ. तेथे मांस शिजविणे शक्य नसते आणि या भावनेचा मान राखलाच पाहिजे. परंतु वरण-भातावर मांजर निरोगी राहत नाही, हेही खरे. अशा घरांनी बंद पाकिटातील ओले तयार खाद्य घ्यावे, त्याचे भांडे आणि जागा वेगळी ठेवावी. स्वयंपाकघरात काही आणावे लागत नाही आणि मांजराचे डोळे, हृदयही शाबूत राहतात.

या वेळी थांबू नका

पूर्ण एक दिवस काही न खाणे, उलटीत किंवा शौचात रक्त, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या होणे, लघवी लालसर होणे, पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसल्यास पथ्याचा विचार बाजूला ठेवून त्वरित दवाखाना गाठावा. संक्रांतीच्या सुमारास उलट्या होणाऱ्या मांजराच्या जिभेखाली पतंगाचा दोरा अडकला आहे का, ते पाहावे. दिसल्यास ओढू नये, आतडे चिरते. तसेच दवाखान्यात न्यावे.

थोडक्यात : दूध बंद, कांदा-लसूण वर्ज्य, उपाशी ठेवणे नाही. आधी विष्ठेची तपासणी, मग एकच नवे मांस, आणि तीन आठवडे सर्व घराने पाळलेले पथ्य. दवाखान्यात येताना मांजराबरोबर ते कॅलेंडरही आणावे. मांजराला बोलता येत नाही, त्याची तक्रार त्या नोंदीच सांगतात.