आभाळ ओळखावे आणि थांबावे
शास्त्रपाठ : लूक १२:५४–५६



पश्चिमेला ढग आला की पाऊस येणार, हे प्रभू येशूच्या श्रोत्यांना ठाऊक होते. त्यांच्या पश्चिमेला समुद्र होता. आपलाही मोसमी पाऊस अरबी समुद्रावरूनच येतो. आभाळाची खूण कळते, मग या काळाची का कळत नाही, असे प्रभूने त्यांना विचारले. कात्रजला राहून शिकणाऱ्या आणि रोजावर काम करणाऱ्या आदिवासी तरुणांना सायकल देताना मी हाच पाठ घेते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुसळधार पावसाने कात्रजकडून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. त्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. म्हणून या चार गोष्टी :

१. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा पाहा. पिवळा असेल तर सावध राहा. नारंगी असेल तर अगदी गरज असली तरच निघा. लाल असेल तर सायकल काढूच नका.

२. वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

३. पहिल्या सरीने रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होऊन निसरडे होते. ओले ब्रेक उशिरा लागतात. घाटाच्या उतारावर खाली उतरून सायकल हातात धरा.

४. वाहत्या पाण्यात सायकल घालू नका. खालचा खड्डा किंवा उघडे गटार दिसत नाही.

हे सारे तरुणांना लवकर समजते. अवघड असते ते थांबणे. थांबले तर खाडा पडतो, उशीर झाला तर बोलणी बसतात. म्हणून काळा ढग पाहूनही ते निघतात. नीतिसूत्रे २७:१२ मध्ये धोका ओळखून आडोशाला जाणाऱ्याला सुज्ञ म्हटले आहे. पण गरिबाला तो आडोसा कोणीतरी द्यावा लागतो.

आपल्या घरी, दुकानात किंवा वर्गात असे कोणी येत असेल, तर “पाऊस ओसरल्यावर ये, पैसे कापणार नाही,” असे पावसाळ्याआधीच सांगा. सायकलीच्या देणगीइतकेच हेही दान आहे.

मननासाठी : माझ्याकडे येणाऱ्याला थांबण्याची मुभा मी दिली आहे का?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हाला आभाळाबरोबर शेजाऱ्याची अडचणही ओळखता येऊ दे. आमेन.