नियमाचा आधार मागा

मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय तालुक्याच्या खिडकीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. वडील गेल्यानंतर घरपट्टीवर आईचे नाव लावायला गेलो, तेव्हा हे मला कळले. हा प्रसंग प्रत्येक घरावर कधी ना कधी येतो, म्हणून हे लिहितो आहे.

नगरपरिषदेच्या कर विभागात कागदपत्रांची छापील यादी हातात देत. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का, शिवाय दोन साक्षीदार. वास्तविक सरकारी कार्यालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केले आहे. पुढे ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सक्तीचे केलेले नसेल तिथे साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती पुरेशा ठरवल्या. यादी मात्र त्याआधीची होती आणि तिचीच झेरॉक्स वर्षानुवर्षे निघत होती. खिडकीवरच्या लिपिकाला मी दोष देत नाही. कागद कमी घेतला आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर उत्तर त्यालाच द्यावे लागते.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी ही यादी पाहूनच नाद सोडला होता. घरदुरुस्तीच्या कर्जाच्या वेळी त्यांच्या नावाची घरपट्टीची पावती मागितली गेली, तेव्हा त्या अडकल्या. ज्यांच्याकडे एजंटला द्यायला पैसे असतात त्यांचे काम होते. कालबाह्य नियमाचा भार उरलेल्यांवर पडतो.

म्हणून पहिली गोष्ट : 'नियम आहे' असे सांगितले की तो कशात आहे ते विचारा. अधिनियमात, उपविधीत, सभेच्या ठरावात, शासन निर्णयात, की नुसतीच वहिवाट? तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. आम्ही एवढेच मागितले : या यादीला आधार असलेल्या ठरावाची प्रत. उत्तर आले, असा ठराव अभिलेखात आढळून येत नाही. त्या उत्तराला २०१५ च्या शासन निर्णयाची प्रत जोडली आणि आईचा अर्ज स्वयंघोषणापत्रावर स्वीकारला गेला.

दुसरी गोष्ट : अर्ज दिला की तारखेची पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा सेवा नाकारली तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. सबळ कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र ही मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. यादीत अनावश्यक कागद असतील, तर अर्ज 'अपूर्ण' ठरत राहतो आणि मुदत सुरूच होत नाही. कागद कमी करून घेणे महत्त्वाचे आहे ते यासाठी.

तिसरी गोष्ट : आपले काम झाले की घरी बसू नका. सुधारित यादीचा मसुदा स्वतः तयार करा, मुख्याधिकाऱ्यांना द्या आणि आपल्या नगरसेवकाला तो सभेपुढे ठेवायला सांगा. एका अर्जदाराला दिलेली सवलत अधिकारी बदलला की संपते, ठराव टिकतो.

मसुदा करताना सगळेच काढून टाका म्हणू नका. प्रत्येक अटीबद्दल विचारा, ही कोणाचे रक्षण करते? राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का कोणाचेच करत नव्हता. इतर वारसांना नोटीस देण्याची अट मात्र आम्ही आग्रहाने ठेवली. घरपट्टीवरची नोंद म्हणजे मालकी हक्क नव्हे, हे खरे. पण गावात तिलाच पुरावा मानतात आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीला न कळवता भावांची नावे चढवली जातात. मुलीचा हिस्सा कायद्याने आहे. तो सोपेपणाच्या नावाखाली बुडता कामा नये.

शेवटी एक मागणी प्रत्येक नगरपरिषदेत आणि ग्रामपंचायतीत लावून धरा : प्रत्येक फॉर्मखाली त्याचा कायदेशीर आधार आणि सुधारणेची तारीख छापलेली असावी. ज्या अटीखाली आधार लिहिता येत नाही, ती अट नागरिकाकडे मागू नये.