पेटीवरून कीबोर्डकडे

प्रश्न : पेटी बऱ्यापैकी वाजवता येते. ऑनलाइन धडे पाहून कीबोर्ड शिकता येईल का? डावा हात अजिबात वळत नाही.

उत्तर : नक्कीच येईल. पेटी वाजवणाऱ्याला सुरांच्या जागा आधीच ठाऊक असतात, ही मोठी जमेची बाजू. पण त्याचा डावा हात भात्यात गुंतलेला असतो. कीबोर्डवर त्याच हाताला कॉर्ड धरायच्या असतात.

सुरुवात बोटांच्या क्रमापासून व्हावी. पांढरी एकचा सा धरला, तर उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट सा, रे, ग वाजवतात. मग अंगठा मधल्या बोटाखालून सरकून म वर येतो आणि उरलेले सूर करंगळीपर्यंत सलग जातात. डावा हात करंगळीपासून निघतो. अंगठा प वर पोचला की मधलं बोट त्याच्यावरून ध वर जातं. हे दोन्ही हात आठवडाभर वेगवेगळे घोटावेत, मेट्रोनोम ६० वर ठेवून.

नंतर डाव्या हाताला तीनच कॉर्ड पुरतात: सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे. कितीतरी सोपी गाणी एवढ्यावर निघतात.

पडद्यावर रंगीत पट्ट्या खाली येतात, ते व्हिडिओ नवशिक्याने टाळलेले बरे. कुठली पट्टी दाबायची ते कळतं, कुठल्या बोटाने ते बहुधा कळत नाही. कॅमेरा वरून हात दाखवणारा धडा निवडावा आणि अर्ध्या वेगाने पाहावा.

वाद्य ६१ पट्ट्यांचं चालेल, पण दाबानुसार आवाज कमी-जास्त होणारंच घ्यावं. मनगट ताठ राहतं का, हे मात्र महिन्यातून एकदा जाणकाराला दाखवाच.