फाइलींची नावे व संगणकाचा आज्ञासंग्रह

फाइलीचा ठावठिकाणा निरनिराळ्या संगणकप्रणाली निरनिराळ्या रीतीने लिहितात. लिनक्समध्ये फोल्डरांच्या नावांमध्ये उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ असते, विंडोजमध्ये सामान्यतः डावीकडे झुकलेली. त्यामुळे एका प्रणालीसाठी रचलेली आज्ञावली दुसरीवर अडते. ही अडचण दूर करण्यासाठी बीमन डॉज यांनी सी प्लस प्लस भाषेकरिता ‘बूस्ट फाइलसिस्टिम’ हा आज्ञासंग्रह रचला. त्याच्याच आधारे सिद्ध झालेला संग्रह २०१७ च्या प्रमाणकात समाविष्ट झाला. फोल्डर निर्माण करणे, त्यातील फाइली पाहणे ही कामे आता दोन्हीकडे एकाच आज्ञावलीने होतात.

नावातील अक्षरांचे संकेत मात्र हा संग्रह जुळवून देत नाही, आणि मराठी दप्तराला धोका आहे तो येथेच. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना भेद दिसत नाही. परंतु लिनक्स व विंडोज यांवर सामान्यतः त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात. यादी संगणकात असूनही ती नसल्याचे उत्तर मिळते व अर्जदार रिकाम्या हाताने परततो. म्हणून नाव साठविण्यापूर्वी, तसेच शोधण्यापूर्वी, आज्ञावलीनेच ते एका ठराविक युनिकोड रूपात आणावे. नाव पुन्हा टंकित केल्याने काम भागेलच असे नाही. कळफलक बदलला की संकेतही बदलू शकतो.