चार हिवाळ्यांची लिफ्ट

(बर्फाळ डोंगरांवर माणसांना वर नेणारी यंत्रे साधारणपणे वीस-तीस वर्षे काम देतात. काही यंत्रे मात्र नवी असतानाच उतरवावी लागली. अशाच एका लिफ्टची हकीकत या पाठात दिली आहे.)

गुलमर्गचे नाव तुम्ही ऐकले असेल. ‘गुल’ म्हणजे फूल, हे तुम्हांला सांगायला नको. उर्दूत ‘मर्ग’ म्हणजे मृत्यू. पण काश्मीरमधल्या गावांच्या नावांत ‘मर्ग’ म्हणजे कुरण. सोनमर्ग हे नावही तसेच आहे. उन्हाळ्यात फुलांनी भरणारे हे कुरण हिवाळ्यात बर्फाखाली जाते. मग देशोदेशींचे लोक पायांना लांब, गुळगुळीत पट्ट्या बांधून उतारावरून घसरण्यासाठी तेथे येतात. या पट्ट्यांना स्की म्हणतात.

घसरत खाली यायला काही मिनिटे पुरतात. पण पुन्हा वर कसे जायचे? पायांत जड बूट, खांद्यावर स्की आणि समोर गुडघाभर बर्फ! एकदा चढून गेले की माणूस दिवसभरासाठी थकून जातो. म्हणून अशा डोंगरांवर लिफ्ट बसवतात. गुलमर्गला १९९८ साली बंद डब्यांची लिफ्ट सुरू झाली. तिला गोंडोला म्हणतात. रायगडाचा रोपवे ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची कल्पना येईल. बऱ्याच ठिकाणी डब्यांऐवजी उघड्या खुर्च्या असतात. डोंगराच्या पायथ्याशी एक मोठे आडवे चाक आणि माथ्याजवळ दुसरे. दोन्ही चाकांभोवती पोलादी दोराचा फेरा. दोराला उंच खांबांचा आधार आणि दोरावर टांगलेल्या खुर्च्या. चाक फिरले की दोर फिरतो आणि खुर्च्या वर जातात.

ही कल्पना प्रथम कोणाला सुचली, ते ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. १९३६ साली अमेरिकेतील युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने आयडाहो राज्यात सन व्हॅली नावाचे बर्फाचे ठिकाण वसवले. लोक तेथे जाऊ लागले म्हणजे आगगाडीची तिकिटे खपतील, असा साधा हिशेब होता. त्या कंपनीत जेम्स करन नावाचे अभियंते होते. उष्ण प्रदेशातील बंदरावर जहाजात केळी भरण्यासाठी फिरत्या दोराला आकडे लावतात आणि त्या आकड्यांना घड अडकवतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी विचार केला, आकड्याच्या जागी खुर्ची लावली तर? केळ्यांच्या घडाऐवजी माणूस बसेल! काही वरिष्ठांना ही कल्पना धोक्याची वाटली. तेव्हा एका मोटारट्रकच्या बाजूला खुर्ची बांधून, गाडी हळूहळू चालवून, उभ्या माणसाला ती कितपत वेगाने उचलू शकते, हे पाहण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सन व्हॅलीत खुर्च्यांची लिफ्ट सुरू झाली. एका खुर्चीवर एकच माणूस बसत असे.

या जुन्या पद्धतीत खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते. दोराचा वेग तोच खुर्चीचा वेग. चालत्या बसमध्ये चढताना कशी त्रेधा उडते, ते तुम्हांला माहीत आहे. येथेही तसेच होते. खुर्ची मागून येते, गुडघ्यांना लागते आणि माणूस झटकन बसतो. म्हणून दोर जोरात फिरवता येत नाही. सेकंदाला सुमारे अडीच मीटर, फार तर त्याहून थोडा अधिक. इकडे लोकांची गर्दी तर दरवर्षी वाढत होती. रांगेत तास तास उभे राहायचे आणि वर जायलाही पंधरा-वीस मिनिटे, हे कोणाला आवडेल?

यावर एक युक्ती निघाली. खुर्ची दोराला कायमची न आवळता तिला एक पकड लावायची. स्थानकात शिरताच ही पकड उघडते आणि खुर्ची दोरापासून सुटते. मग ती वेगळ्या रुळावरून संथपणे पुढे जाते. लोक निवांत बसतात. बाहेर पडताना खुर्चीला पुन्हा वेग दिला जातो आणि पकड दोराला घट्ट धरते. त्यामुळे दोर सेकंदाला पाच मीटर वेगाने धावला तरी बसणाऱ्याला त्रास होत नाही. चार माणसांच्या खुर्च्यांची अशी पहिली लिफ्ट १९८१ साली कोलोरॅडो राज्यातील ब्रेकेनरिज येथे सुरू झाली. तिचे नाव ‘क्विकसिल्व्हर’, म्हणजे पारा. पुढे दुसऱ्या एका डोंगरावर याच नावाची आणखी एक लिफ्ट उभी राहिली. आपली हकीकत तिचीच आहे.

पण आधी पकडीविषयी थोडे अधिक समजून घेऊ. आई कपडे वाळत घालते, तेव्हा दोरीवर चिमटे लावते. दोरी आडवी असेल तर चिमटा जागचा हलत नाही. आता तीच दोरी तिरपी बांधा, ओली करा आणि चिमट्याला जड सतरंजी लटकवा. चिमट्याची स्प्रिंग जोरदार असेल तर तो टिकेल, नाहीतर घसरत खाली जाईल. लिफ्टच्या पकडीचे काम असेच असते. चार माणसे, त्यांचे सामान आणि खुर्ची यांचे वजन तिला उभ्या चढावर, कडाक्याच्या थंडीत, ओल्या किंवा बर्फ जमलेल्या दोरावर पेलायचे असते. लिफ्ट अचानक थांबली तर हिसका बसतो, तोही सहन करायचा असतो. ही पकड हातात मावणार नाही एवढी मोठी असते खरी. पण सबंध लिफ्टच्या मानाने ती अगदी लहान वस्तू आहे.

अमेरिकेत मूळचे पोलंडचे असलेले यान कुंचिन्स्की नावाचे अभियंते होते. त्यांनी १९६५ साली लिफ्ट बांधण्याची कंपनी काढली. लोक तिला ‘यान’ याच नावाने ओळखत. तिच्या लिफ्ट दिसायला सुबक आणि किमतीला स्वस्त होत्या. त्यामुळे मागणी भरपूर आली. खुर्ची कायमची आवळलेल्या जुन्या पद्धतीच्या यान लिफ्ट तर कित्येक डोंगरांवर अनेक दशके चालल्या, हेही सांगितले पाहिजे. पुढे वेगवान लिफ्टचे दिवस आले, तेव्हा या कंपनीने स्वतःची नवी पकड तयार केली. इतर कारखाने पकडीत पोलादी स्प्रिंग वापरत. यानने रबराच्या स्प्रिंग वापरल्या. रबर थंडीत ताठ होते आणि त्याची लवचीकता कमी होते, हे विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला असालच. जेथे बारा महिन्यांतील चार-पाच महिने पाणी गोठलेले असते, तेथे ही पकड काम करणार होती.

उत्तर अमेरिकेतील डोंगरांवर यानच्या अशा सुमारे तीस वेगवान लिफ्ट उभ्या राहिल्या. त्यांतील एक १९९१ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हिसलर डोंगराच्या पायथ्याशी बसवण्यात आली. तिचे नाव ‘क्विकसिल्व्हर एक्स्प्रेस’.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. १९८५ च्या डिसेंबरात कोलोरॅडोतील कीस्टोन येथे यानच्या एका लिफ्टचे मोठे चाक, जोडकाम सदोष असल्यामुळे निसटले. दोन माणसे दगावली आणि कितीतरी जखमी झाली. तो दोष पकडीचा नव्हता. पण १९९३ साली कॅलिफोर्नियातील सिएरा स्की रँच येथे एक वेगवान खुर्ची दोरावरून घसरली आणि दुसरीवर आदळली. त्यात एका लहान मुलाचा जीव गेला. या अपघाताकडे जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिले गेले नाही, असे आज वाटते. त्या जातीच्या इतर लिफ्ट चालूच राहिल्या.

२३ डिसेंबर १९९५. नाताळच्या सुट्टीचे दिवस होते. व्हिसलरला गर्दी होती. क्विकसिल्व्हरवर माणसे बसलेली असताना लिफ्ट एकाएकी थांबली. हिसका बसला. एका खुर्चीची पकड दोरावर टिकली नाही. ती खुर्ची उतारावरून घसरत गेली आणि दुसरीवर आदळली. त्या धक्क्याने आणखी खुर्च्या सुटल्या. एकूण चार खुर्च्या माणसांसह खाली कोसळल्या. दोघांना प्राण गमवावे लागले आणि अनेक जण जबर जखमी झाले. वर अडकलेले लोक बर्फाळ वाऱ्यात जीव मुठीत धरून बसले होते. पुढची-मागची खुर्ची पडताना पाहिल्यावर, आपली खुर्ची कशाच्या जोरावर टिकून आहे, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल का?

चौकशी झाली. खांब उभे होते, दोर शाबूत होता, मोटर ठीक होती. दोष पकडीत होता. आता प्रश्न पडला की या लिफ्टचे करायचे काय? तिने जेमतेम चार हिवाळे पुरे केले होते आणि पाचवा नुकताच सुरू झाला होता. तिच्यावर भरपूर पैसा खर्च झाला होता. रंगसुद्धा जुना झाला नव्हता. एखादा हिशेबी माणूस म्हणाला असता, पकडी तेवढ्या बदला आणि लिफ्ट चालू ठेवा. पण व्हिसलरच्या लोकांना तिच्यावर पुन्हा बसवायचे कोणी? लिफ्ट उतरवण्यात आली. तिच्या जागी १९९६ साली सहा माणसांच्या बंद डब्यांची नवी गोंडोला बांधण्यात आली.

इतर ठिकाणच्या यान लिफ्टचीही कसून तपासणी सुरू झाली. काही लिफ्ट सरळ काढून टाकल्या गेल्या. काहींचे खांब आणि दोर तसेच ठेवून पकडी, खुर्च्या व स्थानकांतील यंत्रे दुसऱ्या कंपन्यांकडून बदलून घेतली. हा दुसरा मार्ग सन व्हॅलीने धरला. केळ्यांच्या घडावरून जेथे पहिली खुर्ची निघाली, त्याच सन व्हॅलीत यानच्या अनेक वेगवान लिफ्ट होत्या! कोणी लिफ्ट मोडली, कोणी दुरुस्त केली. माझ्या मते दोघांचेही बरोबर होते. मूळ पकड मात्र कोणी ठेवायला नको होती, आणि बहुतेकांनी ती ठेवली नाही. यान कंपनीचे १९९६ सालीच दिवाळे निघाले.

लिफ्ट उतरवणे हे बांधण्याइतकेच कष्टाचे काम आहे. आधी एकेक खुर्ची काढतात. मग ताणलेला दोर सावकाश सैल करतात, कारण तो एकदम सुटला तर चाबकासारखा उसळतो. जेथे गाडीचा रस्ता नाही, तेथील खांब हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागतात. चांगले भाग लहान डोंगरांवरील लोक विकत घेतात. जुन्या खुर्च्या तर काही लोक हौसेने घरी नेतात आणि अंगणात झोपाळ्यासारख्या टांगतात.

व्हिसलरच्या त्या पायथ्याशी पुढे २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधील उतारशर्यती झाल्या. सहा माणसांची गोंडोला तोपर्यंत रोज माणसांची ने-आण करत होती. २०२२ च्या अखेरीस तीही काढून तेथे आठ माणसांच्या डब्यांची गोंडोला सुरू झाली. जुन्या गोंडोलाने सव्वीस हिवाळे काम केले होते. या वेळी लिफ्ट बदलण्याचे कारण एवढेच होते की सकाळची रांग फार लांब होऊ लागली होती.

शब्दार्थ

कुरण – गवताळ मैदान. त्रेधा उडणे – फजिती होणे, गडबडून जाणे. आकडा – वस्तू अडकवण्याची वाकडी कडी. लवचीकता – दाबल्यावर किंवा वाकवल्यावर पुन्हा मूळ आकारात येण्याचा गुण. दगावणे – मरण पावणे. शाबूत – न मोडलेला, सुस्थितीत असलेला. जेमतेम – कसेबसे, मोजकेच. जीव मुठीत धरणे – अतिशय घाबरून असणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जेम्स करन यांना खुर्चीच्या लिफ्टची कल्पना कशावरून सुचली?
(आ) क्विकसिल्व्हर एक्स्प्रेस कोणत्या साली बसवण्यात आली?
(इ) यान कंपनीने पकडीत कशाच्या स्प्रिंग वापरल्या?

२. कारणे लिहा.
(अ) जुन्या पद्धतीच्या लिफ्टचा दोर जोरात फिरवता येत नाही.
(आ) लिफ्ट उतरवताना दोर सावकाश सैल करतात.

३. ‘व्हिसलरची लिफ्ट दुरुस्त करून चालू ठेवायला हवी होती.’ हे मत तुम्हांला पटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. ‘जीव मुठीत धरणे’ व ‘त्रेधा उडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. कुरण, दोर, वेग, दोष, इशारा या शब्दांसाठी उर्दू शब्द सांगा. कोणता शब्द दोन्ही भाषांत सारखा आहे?